घरी कोंबुचा लावताना: आधी आंबटपणा सांभाळा

नाशिकमध्ये घरगुती आंबवणीची चौकशी करणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा बिअरचा असतो. आजूबाजूला वायनऱ्या आहेत, दिंडोरी-निफाडची द्राक्षं हाताशी आहेत, मग घरी स्वतःपुरती चार बाटल्या केल्या तर काय बिघडलं, असं वाटतं. बिघडतं ते कायद्यात. १९४९ च्या महाराष्ट्र दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय दारू तयार करायला मनाई आहे, आणि ‘विकणार नाही, घरीच पिणार’ ही सबब तिथे चालत नाही. वायनरी असो की मायक्रोब्रुअरी, तिला राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो. म्हणून ज्यांना आंबवणीच शिकायची आहे, त्यांना मी कोंबुचापासून सुरुवात करायला सांगते. भांड्यांची स्वच्छता, विरजणाचं माप, तापमान, योग्य वेळी थांबणं आणि बाटलीतला दाब ही सगळी कौशल्यं इथेही लागतात.

कोंबुचा म्हणजे साखर घातलेला कोरा चहा आंबवून केलेलं पेय. त्यातलं यीस्ट साखरेचं अल्कोहोल करतं आणि जिवाणू त्या अल्कोहोलचं आम्ल करतात. अल्कोहोल संपूर्ण जात नाही, थोडं उरतंच. बाटली बंद करून जास्त दिवस उबेत ठेवली तर ते वाढतं. त्यामुळे लहान मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, यकृताचा त्रास असलेले, प्रतिकारशक्ती कमी झालेले रुग्ण आणि अल्कोहोल पूर्ण वर्ज्य असलेल्यांनी हे पिऊ नये. पाहुण्यांच्या हातात ग्लास देण्याआधी हे सांगायला विसरू नका.

बिघडलेल्या बरण्यांचे फोटो माझ्याकडे सारखे येतात. तपशील वेगळे असले तरी मूळ कारण जवळपास नेहमी एकच निघतं: चहा वेळेत आंबट झाला नाही. आंबटपणा हेच या पेयाचं संरक्षण आहे. पहिल्या दोन-तीन दिवसांत तो पुरेसा नसेल तर बुरशीला मोकळं रान मिळतं. पुढच्या प्रत्येक पायरीत हेच डोक्यात ठेवा.

१. विरजण किती आहे, त्यावर खेपेचं माप ठरवा

कोंबुचा लावायला दोन गोष्टी मिळतात: स्कोबी नावाची जाड, बुळबुळीत चकती आणि ती ज्यात बुडालेली असते ते आंबट पाणी. लोक चकती जपतात आणि पाणी ओतून देतात. खरं काम त्या पाण्याचं आहे. यीस्ट आणि जिवाणू त्यात भरपूर असतात आणि नव्या चहाला पहिल्या मिनिटापासून आंबट करणारं आम्लही त्यातच असतं. चकती नसेल तरी नुसत्या पाण्यावर खेप लागते आणि नवी चकती आपोआप तयार होते. नुसत्या चकतीवर मात्र भरवसा ठेवू नका.

हे आंबट पाणी म्हणजेच विरजण. प्रमाण असं: एकूण खेपेच्या किमान १० टक्के विरजण हवं. पहिली खेप असेल, किंवा थंडी अथवा पावसाळा असेल, तर १५ ते २० टक्के घ्या. मैत्रिणीने चकतीसोबत १५० मिलीच पाणी दिलं असेल तर पहिली खेप एक लिटरचीच लावा. त्यातून पुढच्या खेपेला भरपूर विरजण मिळेल. इथे घाई करणाऱ्यांची तीन लिटरची बरणी पाचव्या दिवशी मोरीत जाते.

दुकानातून आणलेल्या बाटलीवरही विरजण तयार करता येतं. पण ती पाश्चराइज न केलेली आणि बिनस्वादाची हवी. आलं-लिंबू घातलेली चालणार नाही.

२. सामान

तीन लिटरच्या खेपेला हे लागेल:

- ४ लिटरची रुंद तोंडाची काचेची बरणी
- पाणी २.६ लिटर
- साखर २०० ग्रॅम
- कोरा चहा: पानाचा २० ग्रॅम किंवा दाणेदार १५ ग्रॅम
- विरजण ४०० मिली (पहिली खेप, थंडी किंवा पावसाळा असेल तर ४५० ते ६०० मिली, आणि पाणी तेवढंच कमी)
- घट्ट विणीचं सुती कापड आणि जाड रबर
- पीएच पट्ट्या

पीएच म्हणजे आंबटपणाचं माप: आकडा जितका कमी, तितकं पेय आंबट. पट्ट्या प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतात. २ ते ५ या टप्प्यातला फरक नीट दाखवणाऱ्या घ्या. १ ते १४ वाल्या साध्या पट्टीवर ४ आणि ५ मधला रंग ओळखताना गोंधळ होतो, आणि आपल्याला नेमकं तेच ओळखायचं असतं.

बरणीच्या बाबतीत आजीची चिनीमातीची बरणी काढायचा मोह होतो. जुन्या चिनीमातीच्या लुकणात, म्हणजे वरच्या चकचकीत लेपात, शिसं असू शकतं आणि आम्लात ते उतरतं. तांबं, पितळ आणि ॲल्युमिनियमही आम्लाच्या संपर्कात नको. स्टीलच्या पातेल्यात चहा उकळायला किंवा स्टीलचं गाळणं क्षणभर वापरायला हरकत नाही. खाली तोटी असलेली बरणी घेणार असाल तर तोटी स्टेनलेस स्टीलची आहे ना, हे बघा. मुलामा दिलेल्या स्वस्त तोट्या लवकर झिजतात.

कापड म्हणून पनीर गाळायची विरळ मलमल बांधू नका. तिच्या जाळीतून चिलटं आत जातात आणि आंबट वासावर तर ती हमखास येतात. जुन्या सुती चादरीचा किंवा धोतराचा धुतलेला तुकडा उत्तम. घट्ट झाकण लावू नका, जिवाणूंना हवा लागते.

३. पाणी, चहा, साखर: इथे प्रयोग नकोत

गंगापूर धरणाचं नळाचं पाणी चालतं. त्यात क्लोरीन असतं, म्हणून पाच-दहा मिनिटं झाकण न ठेवता उकळा. आरओचं पाणीही चालेल. अडचण बोअरच्या पाण्याची आहे. नव्या वसाहतींमध्ये पुष्कळदा तेच वापरात असतं आणि ते जड असतं. त्यातले क्षार आम्ल मारतात, त्यामुळे विरजण बरोबर घालूनही पीएच खाली येत नाही. बादलीत पांढरे डाग पडत असतील तर कोंबुचापुरतं वेगळं पाणी घ्या.

चहा साधा काळा हवा. वेलची, मसाला, आलं किंवा सुगंधी तेल लावलेला चहा विरजणाला बाधतो. दाणेदार चहाने रंग गडद येतो आणि चव थोडी तुरट राहते. पानाचा चहा मिळाला तर पेय स्वच्छ दिसतं.

साखर पांढरीच. गुळाबद्दल मला सतत विचारतात आणि माझं उत्तर बदलत नाही: पहिल्या पाच-सहा खेपांत गूळ नको. त्याचा दर्जा ढेपेगणिक बदलतो आणि चव बिघडली तर कारण सापडत नाही. मध आणि स्टीव्हिया तर अजिबात नको. स्टीव्हियात यीस्टला खाण्यासारखं काहीच नसतं. साखर कमी करायची असेल तर दोन-चार दिवस जास्त आंबवा, माप कमी करू नका.

४. लावण्याचा क्रम

१) बरणी गरम पाण्याने धुवा. साबण वापरला तर पुन्हा पुन्हा खळबळून घ्या. शेवटी चमचाभर पांढरं व्हिनेगर आत फिरवून ओतून द्या. थंड काचेत उकळतं पाणी ओतू नका, तडा जातो.

२) एक लिटर पाणी उकळून गॅस बंद करा, चहा घाला आणि झाकून ८ मिनिटं ठेवा. चहा उकळत ठेवू नका.

३) गाळून घ्या आणि गरम असतानाच साखर विरघळवा.

४) उरलेलं १.६ लिटर पाणी आधीच उकळून गार करून ठेवलेलं असेल, ते यात मिसळा. चहा अर्ध्या तासात कोमट होतो. सगळं पाणी एकदम उकळलं की गार व्हायला तीन-चार तास जातात आणि मग लोक अधीर होऊन गरम चहातच विरजण ओततात.

५) पातेल्याला बाहेरून हात लावा. ऊब अजिबात जाणवायला नको. थर्मामीटर असेल तर ३० अंशांच्या खाली. मगच चहा बरणीत ओता.

६) आता विरजण, शेवटी चकती. स्वच्छ लाकडी चमच्याने हलकेच ढवळा.

सावधान: गरम चहात घातलेलं विरजण मरतं, पण ते दिसत नाही. बरणी पहिले चार दिवस अगदी नीट दिसते आणि मग बुरशी धरते.

तपासणी: ढवळल्यावर लगेच पट्टी लावा. पीएच ४.५ किंवा त्याखाली हवा. वर असेल तर आणखी विरजण घाला. विरजण संपलं असेल तर साधं पांढरं व्हिनेगर एकेक चमचा घालत पीएच ४.५ च्या खाली आणा. ही तपासणी न करता कापड बांधू नका.

चकती तरंगली, बुडाली, तिरकी उभी राहिली, तरी काही बिघडत नाही.

५. बरणी कुठे ठेवायची

२४ ते २९ अंश ही कोंबुचाची सोयीची ऊब. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये नाशिकच्या घरात ती फारसं काही न करता मिळते. शिकायला सुरुवात करायची तर याच महिन्यांत करा.

डिसेंबर-जानेवारीत इथली रात्र १० अंशांच्या खाली जाते, निफाडकडे तर त्याहूनही खाली. घरात १८-२० अंश असले की आंबवणी रेंगाळते, म्हणजे आंबटपणा उशिरा येतो आणि बुरशीला वेळ मिळतो. अशा वेळी विरजण २० टक्के घ्या, बरणी थर्माकोलच्या खोक्यात ठेवा आणि शेजारी गरम पाण्याची बाटली ठेवून सकाळ-संध्याकाळ ती बदला. थर्माकोल नसेल तर बरणीभोवती गोधडी गुंडाळा, पण तोंडावरचं कापड मोकळं ठेवा. खेपेला १४ ते २० दिवस लागतील हे धरून चाला.

एप्रिल-मेमध्ये उलटं होतं. बाहेर ३८-४० अंश असताना वरच्या मजल्यावरचं स्वयंपाकघर तापलेलं असतं. यीस्ट पुढे पळतं, जिवाणू मागे राहतात आणि पेयाला उग्र वास येतो. घरातली सर्वांत गार खोली निवडा, बरणी पाण्याच्या परातीत ठेवा आणि पाचव्या दिवसापासून चव बघा.

पावसाळ्यात तापमान छान असतं, पण दमट हवेत बुरशीचे कण भरपूर असतात. भिंतीला ओल आलेली खोली टाळा. कापड ओलसर झालं तर लगेच बदला.

जागेबद्दल आणखी थोडं. थेट ऊन नको. गॅसच्या शेजारी नको, फोडणीचा तेलकट धूर कापडावर बसतो. देवघराजवळही नको, उदबत्तीच्या धुराचं तसंच होतं. इडलीचं पीठ, दह्याचं विरजण, मुरत घातलेलं लोणचं आणि पिकायला ठेवलेले पेरू यांच्यापासून बरणी लांब असू द्या. आणि एकदा ठेवली की हलवू नका. नवा थर पृष्ठभागावर धरत असतो, रोज उचलून बघितलं की तो मोडतो.

६. बुरशी की नवा थर?

तिसऱ्या-चौथ्या दिवशी पृष्ठभागावर धुरकट, पारदर्शक पापुद्रा दिसायला लागतो. आधी त्याची बेटं असतात, मग ती जुळतात आणि थर दुधी होत जातो. त्याखाली बुडबुडे अडकतात, त्यामुळे थर जागोजागी फुगलेला दिसतो. चकतीच्या खालच्या बाजूला तपकिरी दोरे लोंबतात. ते यीस्ट आहे, ते असायचंच.

बुरशी नेहमी वर, कोरड्या भागावर येते. ती गोल ठिपक्यांत वाढते आणि तिला लव असते: पांढरी, हिरवट, निळसर किंवा काळी. शंका असेल तर टॉर्च आडवा धरून बघा. नवा थर ओला चमकतो, बुरशी मखमली आणि कोरडी दिसते. अजूनही कळत नसेल तर दोन दिवस थांबा. बुरशी असेल तर तोवर तिचा रंग आणि लव स्पष्ट होते.

सावधान: बुरशी निघाली तर चकती, पाणी, सगळं फेकून द्या. वरचा भाग काढून खालचं गाळून पिऊ नका, चकती धुऊन पुन्हा वापरू नका. बरणी उकळत्या पाण्याला सरावेल अशी हळूहळू तापवून धुवा आणि नव्या विरजणापासून सुरुवात करा. हे जिवावर येतं, पण यात तडजोड नाही.

७. कधी थांबवायचं

सातव्या दिवसापासून रोज चव बघा. थराच्या कडेने स्वच्छ स्ट्रॉ आत सरकवा, वरचं टोक बोटाने दाबा आणि आलेले चार थेंब चमच्यात घ्या. आधी गोड चहा लागतो. मग एक दिवस चहाची चव मागे सरते आणि कैरीच्या पन्ह्यासारखा आंबटगोडपणा पुढे येतो. नुसतं प्यायचं असेल तर तिथे थांबा. बाटलीत फळाचा रस घालणार असाल तर आणखी एक दिवस जाऊ द्या.

तपासणी: पीएच साधारण २.८ ते ३.५. त्याहून बराच खाली गेला आणि घशाला लागायला लागलं तर ती खेप पिऊ नका, विरजण म्हणून ठेवा. पुढच्या खेपांना ते सोन्यासारखं आहे.

८. बाटल्या भरण्याआधी विरजण बाजूला काढा

हा क्रम लोक उलटा करतात. सगळ्या बरणीत आल्याचा किंवा द्राक्षाचा रस ओततात आणि मग पुढच्या खेपेला शुद्ध विरजणच उरत नाही.

चकती स्वच्छ हातांनी उचलून काचेच्या वाडग्यात ठेवा. बरणी न ढवळता वरचं ५०० मिली पाणी काढून चकतीवर ओता. हे तुमचं पुढचं विरजण. तळाशी यीस्टचा गाळ जास्त असतो, तिथून विरजण घेत गेलात तर काही खेपांनंतर पेय नुसतं फसफसतं आणि आंबट कमी होतं. विरजण काढून झाल्यावर मात्र उरलेली बरणी ढवळा, म्हणजे सगळ्या बाटल्यांत यीस्ट सारखं जाईल. नाहीतर पहिली बाटली मुकी आणि शेवटची तोफ, असं होतं.

९. द्राक्षाचा रस आणि बाटलीतला दाब

बाटलीत थोडी साखर जाऊन झाकण बंद झालं की यीस्ट वायू तयार करतं आणि तो पेयात मुरतो. इथे हिशेब करावाच लागतो. १ ग्रॅम साखर पूर्ण आंबली की सुमारे पाव लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो. पिकलेल्या थॉमसन किंवा सोनाकाच्या रसात १६ ते २० टक्के साखर असते. ७५० मिलीच्या बाटलीत ‘दहा टक्के रस’ म्हणून ७५ मिली घातला, तर १३-१४ ग्रॅम साखर गेली. ती सगळी आंबली तर पाऊण लिटरच्या बाटलीत सव्वातीन लिटरच्या वर वायू कोंडला जाईल. त्यात मूळ चहातली उरलेली साखर वेगळीच. परदेशातल्या कृतींमधलं दहा-वीस टक्के रसाचं माप नाशिकच्या गोड द्राक्षांना आणि नाशिकच्या उन्हाळ्याला लावू नका.

माझं माप: ७५० मिलीला ३० मिली रस, जास्तीत जास्त ४०. काळ्या शरद सीडलेसचा घेतला तर रंगही सुंदर येतो.

रस असा करा. द्राक्षं खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात १०-१५ मिनिटं बुडवा, मग वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. बागेतल्या फवारणीचा अंश सालीवर असू शकतो, शिवाय सालीवर रानटी यीस्टही असतं. रस काढून गाळा, ८० अंशांपर्यंत, म्हणजे कडेला बारीक बुडबुडे येईपर्यंत तापवा, दोन-तीन मिनिटं ठेवा आणि पूर्ण गार करा.

बाटली गोल, जाड काचेची आणि दाबासाठीच बनवलेली हवी. तारेच्या झाकणाच्या चौकोनी शोभेच्या बाटल्या बाजारात दिसतात. त्या दाबाने कोपऱ्यात फुटतात. सॉसच्या आणि सरबताच्या बाटल्याही नकोत. भंगारातून बिअरच्या बाटल्या आणणार असाल तर टवका उडालेली किंवा ओरखडे पडलेली बाटली घेऊ नका, आणि त्यांना झाकण दाबायचं यंत्र लागतं हे लक्षात ठेवा.

पहिल्या काही खेपांना सरळ सोड्याच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या धुऊन वापरा. निदान प्रत्येक खेपेतली एक तरी बाटली प्लॅस्टिकची भरा. तीच तुमचा दाब मोजायचा काटा. बोटाने दाबल्यावर दबत असेल तर थांबा. दुकानातल्या न उघडलेल्या सोड्याइतकी टणक झाली की काचेच्या सगळ्या बाटल्या त्याच क्षणी फ्रीजमध्ये घाला.

भरताना वर दोन-तीन सेंटिमीटर जागा सोडा. बाटल्या कार्डबोर्डच्या खोक्यात, वरून जाड टॉवेल टाकून, माणसांच्या वावरापासून लांब ठेवा. २५-२८ अंशांना दोन ते चार दिवस लागतात. मे महिन्यात एक दिवसही पुरतो, तेव्हा सकाळ-संध्याकाळ प्लॅस्टिकची बाटली दाबून बघा.

सावधान: रोज झाकण उघडून ‘वायू सोडणं’ हा दाबावरचा उपाय नाही. त्याने फसफस जाते आणि रस जास्त पडला असेल तर काही तासांत दाब पुन्हा तितकाच होतो. काचेच्या बाटलीत दाब जास्त झाल्याची शंका असेल तर तिला हात लावण्याआधी डोळ्यांना चष्मा आणि हाताला जाड कापड घ्या. मग फ्रीजमध्ये पूर्ण गार करूनच ती उघडा.

उघडण्याआधी एक दिवस फ्रीजमध्ये ठेवा. गार पेयात वायू मुरून राहतो, कोमट असेल तर सगळं छताला. बाटली हलवू नका, बेसिनवर धरा आणि झाकण कापडाने धरून हळूहळू सैल करा. पहिल्यांदा पिताना अर्धा कप पुरे, पोटाला काय मानवतं ते दोन-तीन दिवसांत कळतं. उरलेल्या बाटल्या फ्रीजबाहेर विसरू नका. बाहेर राहिल्या की दाब आणि अल्कोहोल दोन्ही वाढत राहतं.

१०. पुढची खेप, आणि गावाला जाताना

विरजण काढलेलं आहे, तर त्याच दिवशी पुढची खेप लावा. बरणी खरवडून घासायची गरज नाही, गाळ धुऊन टाकला की पुरे. चकती बोटभर जाड झाली की जुने, गडद झालेले खालचे थर सोलून काढा.

पंधरा-वीस दिवसांसाठी बाहेर जाणार असाल तर नवी खेप लावून, कापड नीट बांधून खुशाल जा. आल्यावर ती प्यायला फार आंबट असेल, पण विरजण म्हणून उत्तम होईल. त्याहून जास्त दिवस असतील तर चकत्या बरणीत ठेवा, त्या पूर्ण बुडतील इतकं आंबट पाणी घाला आणि घरातल्या गार, अंधाऱ्या कपाटात कापड बांधून ठेवा. फ्रीजमध्ये ठेवू नका. थंडीत जिवाणू सुस्तावतात आणि बाहेर काढल्यावरच्या पहिल्या खेपेला आंबटपणा उशिरा येतो. महिन्यातून एकदा कोणाकडून तरी बरणीत कपभर गोड, पूर्ण गार चहा घालून घ्या. परतल्यावरची पहिली खेप लहान लावा, त्यात २० टक्के विरजण घाला आणि पट्टी ४.५ च्या खाली दिसल्याशिवाय कापड बांधू नका.